बॅकअप आपोआप झाला, पण परत येईल का? कोरियातल्या आगीनंतर टेपचा नव्यानं विचार



२६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू होतं, तिथूनच ती सुरू झाली. सहाशेहून जास्त सरकारी यंत्रणा एकदम बंद पडल्या. टप्प्याटप्प्यानं बऱ्याचशा परत सुरू झाल्या. पण एक यंत्रणा कायमची गेली. तिचं नाव जी-ड्राइव्ह. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाची कागदपत्रं ठेवायची ती सामायिक जागा होती. सुमारे सव्वा लाख लोक ती वापरत होते आणि तिच्यात ८५८ टेराबाइट डेटा होता. इमारतीबाहेर त्याची दुसरी प्रत नव्हती. कारण असं सांगितलं गेलं की साठा इतका प्रचंड होता की त्याचा बाहेर बॅकअप घेणं शक्य झालं नाही.

हे कारण मला पटत नाही. का पटत नाही, ते आधी साध्या गणितानं बघू. मग त्याच धाग्यानं आपल्या कामाच्या विषयाकडे येऊ: युनिक्स कुळातल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे लिनक्स, फ्रीबीएसडी वगैरेवर, टेप बॅकअप आपोआप कसा चालवायचा, आणि त्यातलं कोणतं काम मुद्दाम आपोआप ठेवायचं नाही.

८५८ टेराबाइट म्हणजे नक्की किती?

टेप म्हटलं की अनेकांना जुन्या गाण्यांच्या कॅसेट आठवतात. आजची टेप दिसायला तशीच, पण एलटीओ नावाच्या प्रमाणाची. अर्धा इंच रुंद फीत, आणि हाताच्या पंजात मावेल एवढी चौकोनी कार्ट्रिज. २००० साली पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १०० गिगाबाइट मावायचे. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट मावतात, आणि २०२५ मध्ये आलेल्या दहाव्या पिढीची सुरुवातच ३० टेराबाइटनं झाली. डब्यावर याच्या अडीचपट आकडा छापलेला असतो. तो डेटा दाबून बसवता आला तर, असा हिशेब असतो. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ आधीच दाबलेले असतात, म्हणून मी नेहमी लहान आकडाच धरतो.

आता भागाकार करा. ८५८ भागिले १८, म्हणजे ४८ कार्ट्रिज. एका प्रवासी बॅगेत आरामात मावतील! नवव्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइट लिहितो, म्हणजे एक कार्ट्रिज भरायला साडेबारा तास. ४८ कार्ट्रिजना ६०० तास, म्हणजे एका ड्राइव्हवर २५ दिवस. चार ड्राइव्ह लावले तर आठवडाभरात काम संपतं. पहिली पूर्ण प्रत झाली की पुढे रोज फक्त बदललेल्या फाइल घ्यायच्या. प्रत्यक्षात वेग थोडा कमी मिळतो हे धरूनही हे काम काही महिन्यांचं आहे, अशक्य नाही. आणि जी-ड्राइव्ह २०१८ पासून वापरात होता.

मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते अडचण आकाराची कमी आणि रोजच्या शिस्तीची जास्त असते. बॅकअप हे काम कुणाच्याच नजरेत भरत नाही. झालं तर कुणी शाबासकी देत नाही, आणि नाही झालं तरी दुसऱ्या दिवशी ऑफिस नेहमीसारखं चालतं. म्हणून ते मशीनवर सोपवायचं.

युनिक्स आणि टेप: जुनी ओळख

युनिक्सला हे काम नवीन नाही. टार ही आज्ञा तुम्ही वापरली असेल. तिचं नावच 'टेप अर्काइव्ह' या शब्दांवरून आलंय, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ती होती. नेमलेल्या वेळी काम सुरू करणारा क्रॉन हाही तितकाच जुना गडी. टेप पुढे-मागे करायला, गुंडाळायला आणि बाहेर काढायला एमटी ही आज्ञा. या तिघांत मूळ काम भागतं. मशीन अनेक असतील तर अमांडा किंवा बॅक्युलासारखी मोफत मिळणारी प्रणाली वापरा. पण आत काय चाललंय हे कळायला हे तिघे समजलेले बरे.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. लिनक्समध्ये एकाच टेप ड्राइव्हला दोन नावं असतात: एसटी-शून्य आणि एनएसटी-शून्य. इथे एसटी म्हणजे लाल परी नव्हे, 'स्कझी टेप'. पण लक्षात ठेवायला आपली एसटीच उपयोगी पडते. एसटी-शून्य ही फेरी संपली की डेपोत परत येणारी गाडी: काम झालं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी-शून्य ही मुक्कामी गाडी: जिथे पोचली तिथेच थांबते. फ्रीबीएसडीमध्ये हीच जोडी एसए-शून्य आणि एनएसए-शून्य या नावांनी मिळते.

याचा परिणाम काय होतो? ओळखीच्या एका कारखान्याची स्क्रिप्ट मी पाहिली होती. रात्री तीन टार एकापाठोपाठ चालायचे: आधी हिशेब, मग ड्रॉइंग, शेवटी ईमेल. तिन्ही एसटी-शून्यवर. हिशेब लिहून झाले की टेप सुरुवातीला यायची, आणि ड्रॉइंग त्यावरच लिहिली जायची. मग ड्रॉइंगवर ईमेल. लॉगमध्ये तीनदा 'यशस्वी', आणि सकाळी टेपवर फक्त ईमेल! प्रत्येक आज्ञेनं आपलं काम बरोबर केलं होतं, म्हणून चूक कुठेच दिसत नव्हती.

रात्रीची स्क्रिप्ट: काय, कोणत्या क्रमानं

छोट्या-मध्यम ऑफिससाठी मी सुचवतो तो क्रम असा:

१. टेप तपासा. ड्राइव्हमध्ये टेप आहे का, तिच्यावर लिहिता येतंय का, आणि ती आजचीच आहे का? प्रत्येक टेपच्या सुरुवातीला तिच्या नावाची छोटी फाइल लिहून ठेवा. स्क्रिप्टनं आधी ती वाचावी. 'मंगळवार' ऐवजी 'मार्च महिनाअखेर' सापडली तर तिथेच थांबावं.

२. डेटाबेस आधी उतरवून घ्या. चालू डेटाबेसच्या फाइल थेट टारमध्ये घेतल्या तर अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या येतात आणि नंतर उघडत नाहीत. डेटाबेसच्याच साधनानं त्याची प्रत डिस्कवर काढा आणि ती प्रत टेपवर पाठवा.

३. एनएसटी-शून्यवर लिहा, आणि सलग लिहा. टेप ड्राइव्हला डेटा धो-धो लागतो. पुरवठा मंद पडला की तो थांबतो, थोडा मागे येतो, पुन्हा पुढे जातो. रात्रभर हे चाललं तर वेळही जातो आणि फीतही झिजते. लाखो बारीक फाइल असतील तर आधी वेगवान डिस्कवर एकच मोठी फाइल करा.

४. परत वाचा. टेप गुंडाळून टारला यादी वाचायला लावा. शक्य असेल तर मूळ फाइलशी तुलनाही करा. दुप्पट वेळ लागेल, लागू द्या.

५. यादी दुसरीकडे ठेवा. कोणत्या टेपवर काय आहे, ही यादी त्याच सर्व्हरवर ठेवली तर सर्व्हरबरोबर तीही जाईल.

६. टेप बाहेर काढा. एमटीला 'ऑफलाइन' सांगितलं की ड्राइव्ह कार्ट्रिज तोंडाशी आणून ठेवतो.

७. अहवाल पाठवा. काम नीट झालं तरीही, रोज.

आता क्रॉन. त्याच्या ओळीत वेळेच्या पाच जागा असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. सोमवार ते शुक्रवार रात्री अकराला काम हवं तर मिनिट ०, तास २३, तारीख आणि महिन्याच्या जागी फुली (*), वार १ ते ५. मध्यरात्रीनंतरची वेळ ठेवली तर वार एकानं पुढे सरकतो. शुक्रवारचं काम रात्री दोनला टिपायचं म्हणजे कॅलेंडरवर शनिवार उजाडलेला असतो. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असेल तर त्याप्रमाणे वार बदला.

क्रॉनच्या दोन खोडी माहीत हव्यात. पहिली: तुम्ही हातानं चालवलेली स्क्रिप्ट चालते, पण क्रॉनखाली तीच अडते, कारण क्रॉनला आज्ञा कुठे शोधायच्या याचे फार थोडे पत्ते माहीत असतात. म्हणून प्रत्येक आज्ञेचा पूर्ण पत्ता लिहा. दुसरी: टेप भरली की टार 'पुढची टेप घाला' असं विचारू शकतो. रात्री अकराला उत्तर द्यायला कुणी नसतं! म्हणून टेप ८० टक्के भरायला लागली की पुढच्या पिढीचा किंवा विभागणीचा विचार सुरू करा.

आपोआप चाललेल्या कामाचा धोका

इथपर्यंतची माहिती कुठल्याही मार्गदर्शिकेत मिळेल. खरा प्रश्न यापुढे आहे. काम मशीनवर सोपवलं की 'विसरणं' संपतं, पण त्याबरोबर 'बघणं'ही संपतं. दोन घटना घ्या.

पहिली गिटलॅबची. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअपचे आणि प्रतींचे मिळून पाच मार्ग होते, पण वेळेवर एकही धड कामी आला नाही. रोज आपोआप डेटाबेस उतरवणारं काम जुन्या आवृत्तीच्या साधनानं चालत होतं, म्हणून ते फसत होतं आणि साठवणीची जागा रिकामी होती. फसल्याचे ईमेल क्रॉन पाठवत होता, पण ते समोरच्या मेल सर्व्हरकडून नाकारले जात होते. म्हणजे गजर वाजत होता, तोही बंद खोलीत. सुमारे सहा तासांपूर्वी एकानं दुसऱ्याच कामासाठी हातानं काढलेली प्रत होती, तिनं वाचवलं. कंपनीनं हे सगळं स्वतः उघडपणे लिहिलं, म्हणून आपल्याला शिकता येतं.

दुसरी जपानमधल्या क्योटो विद्यापीठाची. डिसेंबर २०२१ मध्ये सुपरकॉम्प्युटरच्या बॅकअप स्क्रिप्टनंच ७७ टेराबाइट, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फाइल पुसून टाकल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही. झालं असं की स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी सुधारित स्क्रिप्ट ठेवली गेली. बॅश हा शेल स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत पुढे जातो, त्यामुळे त्यानं मधूनच नवी स्क्रिप्ट वाचायला घेतली. तिथली काही नावं रिकामी होती, आणि जुने लॉग पुसणारी आज्ञा भलत्याच जागी चालली. पुरवठादार हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझच्या जपानी कंपनीनं जबाबदारी स्वीकारली. यावर उपाय साधे आहेत: चालू स्क्रिप्टला हात लावू नका, नवी फाइल वेगळी तयार करून काम बंद असताना बदला, आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'रिकामं नाव सापडलं तर थांब' हा आदेश लिहा. बॅशमध्ये तो एका ओळीचा आहे.

या दोन्हींतून माझा नियम असा: 'बिघडलं तर कळव' असं मशीनला सांगू नका, 'रोज कळव' असं सांगा. बिघडलेलं मशीन बातमी देईलच याची खात्री नसते. रोज सकाळी येणारा निरोप आज आला नाही, एवढं माणसाला चटकन जाणवतं. रोज दारात पडणारा पेपर एक दिवस आला नाही की घरात लगेच विचारणा होते, तसं.

एक काम माणसाच्या हातात का ठेवायचं?

टेपच्या जगात ऑटोलोडर नावाचं यंत्र मिळतं. त्यात अनेक कार्ट्रिज भरून ठेवायच्या, आणि एमटीएक्स नावाच्या आज्ञेनं यंत्र स्वतःच टेप बदलतं. सोयीचं आहे, मोठ्या ठिकाणी ते लागतंच. पण विचार करा: जी आज्ञा तुमची स्क्रिप्ट देऊ शकते, तीच आज्ञा सर्व्हर ताब्यात घेतलेला खंडणीखोरही देऊ शकतो. यंत्रातली प्रत्येक टेप तो ओढून पुसू शकतो.

खंडणीचा हा धोका आपल्याकडे काल्पनिक राहिलेला नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. सरकारनं संसदेत सांगितल्याप्रमाणे पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला होता. नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामं काही दिवस कागदावर चालली, रुग्ण रांगेत ताटकळले. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला, कारण हल्ल्याचा स्पर्श न झालेला एक बॅकअप सर्व्हर शिल्लक होता.

'स्पर्श न झालेला', सगळं त्यावर आहे. २०११ मध्ये जीमेलच्या ०.०२ टक्के लोकांचे ईमेल एका सॉफ्टवेअर दोषानं गायब झाले. गूगलकडे वेगवेगळ्या डेटा सेंटरांत प्रती होत्या, पण दोष तिथेही पोचला. शेवटी ईमेल आणले ते टेपवरून, कारण टेप कशालाच जोडलेली नव्हती. दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत आपल्यासारखीच वागते. आपण फाइल पुसली की तीही आज्ञाधारकपणे पुसते. कपाटातली टेप कुणाचंच ऐकत नाही.

म्हणून यादीतली सहावी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टेप तोंडाशी आली की सकाळी कुणीतरी ती उचलायची, तारीख घालून सही करायची, आणि नवी लावायची. कुणी विसरलं तर रात्री ड्राइव्ह रिकामा सापडेल, काम थांबेल, आणि सकाळी ओरड होईल. कालच्या टेपवर आजचं लिहिण्यापेक्षा ही ओरड परवडते. दोन मिनिटांचं हे काम शिपायापासून मॅनेजरपर्यंत कुणीही करू शकतं, फक्त रोज एकाच माणसाचं नाव त्यापुढे असावं.

टेप फिरवण्याची जुनी पद्धत 'आजोबा-वडील-मुलगा' या नावानं ओळखली जाते. सोमवार ते गुरुवारच्या ४, शुक्रवारच्या ४, आणि महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी वर्षभराच्या १२. अशा २० कार्ट्रिजमध्ये वर्षभर मागे जाता येतं. शुक्रवारची आणि महिन्याची टेप दुसऱ्या इमारतीत गेलीच पाहिजे, नाहीतर देजॉनसारखी आग दोन्ही प्रती एकदमच गिळेल. बाहेर जाणारी टेप कूटबद्ध करा. ती सोय एलटीओ ड्राइव्हमध्ये चौथ्या पिढीपासून आहे. आणि किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका!

आपल्या हवेबद्दलही सांगायला हवं. टेप ३० वर्षं टिकते असं सांगतात, पण ते १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात साध्या लाकडी कपाटात ही आर्द्रता मिळत नाही. हवाबंद डबा, ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि स्वस्तातला आर्द्रतामापक एवढं तरी हवंच. शिवाय टेप टिकली तरी ती वाचणारा ड्राइव्ह टिकायला हवा. आठव्या आणि नवव्या पिढीचे ड्राइव्ह फक्त एक पिढी मागचं वाचतात, आणि दहाव्या पिढीचा ड्राइव्ह जुनं काहीच वाचत नाही. नवीन ड्राइव्ह आला म्हणून जुना भंगारात घालू नका.

मग सगळ्यांनी टेपच घ्यायची का?

नाही. ड्राइव्हची किंमत काही लाखांत जाते, कार्ट्रिज मात्र काही हजारांत येते. डेटा भरपूर असेल तरच हे गणित जमतं. पाचशे गिगाबाइटच्या डॉक्टर किंवा सीएच्या ऑफिसला दोन-तीन बाहेरच्या डिस्क आलटून-पालटून वापरणं पुरेसं आहे. तत्त्व तेच: लिहा, वाचून बघा, काढा, दुसरीकडे ठेवा. ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच पुसता न येणारा क्लाउड साठाही मिळतो, फक्त इंटरनेटचा वेग आणि परत उतरवायचा खर्च आधी विचारून घ्या.

कायदाही आता ढिलाई चालू देत नाही. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनं कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक झालं. टेप या सर्व्हरची जागा घेत नाही, ती त्याच्या मागे उभी राहते. सर्व्हरही गेला तर काय, याचं उत्तर म्हणून.

पण 'रोज बॅकअप होतो' हे कागदावर दाखवणं सोपं असतं. म्हणून तुम्ही पतसंस्थेचे संचालक असा, शाळेचे विश्वस्त असा किंवा हॉस्पिटलचे व्यवस्थापक, आयटीवाल्याला 'बॅकअप आहे ना?' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं, आणि तो खोटंही बोलत नसतो. त्याऐवजी हे चार प्रश्न विचारा:

- बॅकअपमधून एखादी फाइल शेवटची कधी परत आणून उघडली? तारीख सांगा.
- अख्खा सर्व्हर दुसऱ्या मशीनवर परत उभा करायला किती तास लागतात? करून पाहिलंय का?
- कोणती प्रत या क्षणी कुठल्याही वायरला जोडलेली नाही, आणि ती कुठे आहे?
- आज सकाळचा अहवाल कुणी वाचला?

महिन्यातून एकदा कोणतीही एक फाइल, आणि वर्षातून दोनदा पूर्ण सर्व्हर, एवढी उजळणी ठरवून टाका. पहिल्यांदा हमखास काहीतरी अडेल: किल्ली सापडणार नाही, यादी जुनी निघेल, किंवा एखादी टेप वाचता येणार नाही. अडू द्या. त्या दिवशी मूळ डेटा जागेवर असतो, आणि चूक सुधारायला वेळही असतो.